बाराच्या आत

मालक म्हणाला, तुझ्या भाषेत एक कागद लिही,
पाहुण्यांनी निघण्याआधी काय काय करावं त्याचा.
शारजाहून येणारे निम्मे तुझेच तर असतात.
अबू खलफानला वाटतं मराठी म्हणजे
एक मोठी आळी
आणि तिथे सगळे एकमेकांचं ऐकतात.

बसलो लिहायला.
दिब्ब्यात अकरा वर्षं झाली. हातात पेन क्वचित येतं,
येतो तो खराटा.

एक. कोळसे विझवून जा.
वरून राख दिसते, आत रात्रभर जागे असतात.
मागच्या हिवाळ्यात कचऱ्याचा डबा वितळून
भिंतीला डांबरासारखा बसला, अजून निघाला नाही.

दोन. हाडं सिंकमध्ये नकोत.

तीन. भांडी –
इथे अडलो.
आमच्या वसईला पाहुण्याने स्वतःचं ताट उचललं
की आई रागवायची.
नाही उचललं, तर तो गेल्यावर रागवायची.
आता हे कागदावर कसं घालू?

चादरी काढून दारामागे ठेवा, असं लिहिलं
आणि खोडलं.
चादरी मीच काढतो, त्याचा पगार आहे.
शिवाय चादरीवरून कळतं कोण कसं झोपलं:
आईबापाच्या मध्ये आडवं पडलेलं पोर,
किंवा पलंगाची एकच कड चुरगळलेली
आणि दुसरी उशी बाहेर सोफ्यावर.
ते कुणी आवरून देऊ नये मला.

वाळूबद्दल काही लिहीत नाही.
समुद्र दोनशे पावलांवर आहे, त्याला वाचता येत नाही.

काही फुटलं तर सांगा.
एक चौबळ म्हणून होते, त्यांनी फुटका ग्लास जुळवून
कपाटात मागच्या रांगेत उभा केला होता.
पाचशे दिरहम अनामत घेऊन, हसत हसत गेले.
ग्लास तीन दिरहमचा.
बोट माझं.

आणि डिसेंबरच्या सुट्टीत सबिहा मुकादम आली,
म्हाताऱ्या आईला घेऊन.
दुबईत घरकाम करते. एक रात्र मॅडमनी भेट दिलेली.
साडेनऊलाच निघाल्या दोघी.
आत गेलो, तर करायला काही उरलं नव्हतं.
फरशी पुसलेली, नळ लखलखीत,
गॅसच्या जाळ्या घासून उलट्या वाळत घातलेल्या,
टॉवेलांच्या घड्या, कोपऱ्याला कोपरा.
पलंगाची चादर मी घातली तशीच ताठ.
गालिच्यावर मात्र दोन माणसांएवढी लव दबलेली.

मला राग आला. कोणाचा, ते कळेना.
बाराला अडीच तास होते.
मालकाच्या खुर्चीत बसलो, चहा केला,
प्यायलो, आणि कप मुद्दाम
तसाच टाकला त्या चकचकीत सिंकमध्ये.

संध्याकाळी मीच धुतला.

म्हणून पुढची ओळ जाड अक्षरात लिहिली:
आठवडाभर दुसऱ्याचं घर पुसणाऱ्यांना
इथे केर काढायला सक्त मनाई आहे.
काढल्यास अनामत कापली जाईल.

मालकाने कागद वरखाली पाहिला.
एवढं काय लिहिलंस? अरबीत चार ओळी होत्या.
मी सांगितलं: कोळसे, हाडं, काच.
मनाईची ओळ सांगितली नाही.
त्याने मान हलवली, दाराला चिकटव म्हणाला.

चिकटवण्याआधी खाली थोडी जागा होती, तिथे लिहिलं:
जाताना हाक मारा, मी मागच्या खोलीत असतो.
येतो म्हणा. खोटं असलं तरी चालेल.
आणि गेट ओढून घ्या,
नाहीतर डोंगरातल्या बकऱ्या उतरतात.
त्यांना बाराचं काही नसतं,
आणि त्या कधीच काही आवरून जात नाहीत.